ईव्हीचे टायर : शांत आहेत, स्वस्त नाहीत

आमच्या नेक्सॉन ईव्हीला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाडीला, २१५/६० आर १६ मापाचे, खास ईव्हीसाठी म्हणून विकतात ते टायर घातलेत. जुने बघता बघता गुळगुळीत झाले. बॅटरीचं वजन आणि पेडल दाबताच मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, दोन्ही मिळून रबर खातात. नव्यांच्या रबरात सिलिका आहे, त्यामुळे टायर कमी तापतो आणि वीज वाचते. तुळजापूरला जाऊन आलं की बॅटरी थोडी जास्त उरते. थोडीच हं, दुकानदार सांगतो तेवढी नाही. आवाज मात्र खरंच कमी झाला. डांबरी रस्त्यावर मागे बसलेल्या आईचं पुटपुटत चाललेलं स्तोत्र ऐकू येतं.

बसवणाऱ्यानं डोळे झाकून ४० हवा मारली होती. किती हवा हवी ते सांगणारा दाराच्या चौकटीवरचा स्टिकर दाखवून मी कमी करायला लावली. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारचा आकडा फसवा असतो.

‘पर्यावरणपूरक’ म्हणतात, पण झिजलेल्या रबराची धूळ उडतेच. किंमत साध्या टायरपेक्षा बरीच जास्त. घेताना टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, जुन्याशी ताडून बघा, कमी चालणार नाही.