भोसरीत जुनी फायबरची होडी दुरुस्त करून घेतली, त्याचा अनुभव

कुजलेली मागची फळी (जिच्यावर इंजिन बसतं), फोड आलेला तळ, पाणी प्यालेला फोम असलं मुळातलं काम नीट करून हवं असेल तर भोसरी एमआयडीसीतलं हे वर्कशॉप निःशंक गाठा. वायरिंग मात्र दुसरीकडून करून घ्या. का, ते पुढे लिहिते.

टेल्को रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याची शेड आहे. रोजचं काम पाण्याच्या टाक्या, बसचे पॅनेल आणि देवळांचे फायबरचे कळस. होडी क्वचितच येते. पण तिथले मिस्त्री आधी रत्नागिरीकडे होड्यांवरच काम करायचे आणि ते त्यांच्या हातात दिसतं.

होडी माझ्या दादाची. तो भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यावर मासेमारी करतो आणि थंडीत रोहित पक्षी बघायला आलेल्या लोकांना फिरवतो. 17 फुटी होडी, कोकणातून वापरलेली आणलेली. मी मोशीला राहते, त्यामुळे वर्कशॉपकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

तक्रार अशी होती की होडी मागून बसायला लागली होती आणि इंजिनाचा जोर वाढवला की फळी डोळ्यांना दिसेल इतकी हलायची. सोलापूर रोडवरच्या एका दुकानात आधी दाखवली. त्यांनी बोल्टभोवतीच्या चिरा बघितल्या आणि पुट्टी भरून, रंग मारून लगेच देतो म्हणाले. भोसरीच्या मिस्त्रींनी चिरांना हातही लावला नाही. हातोडीच्या दांड्याने फळीवर ठोकत वरून खाली गेले. वर टणक आवाज येत होता, बोल्टच्या खाली गेल्यावर एकदम भद्द. "ताई, ऐकलं का? आत लाकूड राहिलेलं नाही." मग दादाची परवानगी घेऊन आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारलं. बिटाला काळपट ओला भुसा चिकटून आला आणि भोकातून तपकिरी पाणी ओघळलं. दादा म्हणाला, "मिस्त्री, उघडा."

फायबर कुजत नाही, कुजतं ते त्याच्या पोटातलं प्लाय. इंजिनाच्या बोल्टसाठी पाडलेलं भोक आतून सील केलेलं नसलं की पाणी बोल्टच्या कडेने प्लायमध्ये उतरतं, आणि दोन्ही बाजूंना फायबर असल्यामुळे त्याला परत बाहेर यायला वाट नसते. वरून पुट्टी भरली असती तर ते पाणी आतच कोंडलं गेलं असतं आणि एक दिवस इंजिन फळीसकट धरणात गेलं असतं. होडीत तेव्हा लहान मुलं घेऊन आलेलं एखादं कुटुंबही असू शकलं असतं.

त्यांनी बाहेरचं कवच तसंच ठेवून आतली बाजू कापली, सडलेलं प्लाय खरवडून काढलं आणि कवच पूर्ण वाळू दिलं. नवीन प्लाय आयएस 710 चं, म्हणजे खरं मरीन प्लाय. शिक्का मला दाखवून मगच कापलं. प्लायच्या सगळ्या कडांना आधी इपॉक्सी (सुकून कडक होणारी द्रव राळ) पाजलं. बोल्टची भोकं लागतात त्यापेक्षा मोठी पाडली, ती घट्ट इपॉक्सीने भरली आणि ते कडक झाल्यावर मधोमध पुन्हा ड्रिल मारलं. आता बोल्टभोवती इपॉक्सीची भिंत आहे, पाण्याला लाकूड लागतच नाही. हे मी कोणी न सांगता होताना बघितलं, म्हणून जास्त कौतुक.

जोडाच्या ठिकाणी जुनं फायबर लांब उतार देऊन घासलं होतं. 5 मिमी जाडी असेल तर साधारण 60 मिमी उतार. सरळ कडेवर मॅट (काचेच्या तंतूंची चादर) चिकटवली तर जोर आला की नेमकी तिथेच सुटते. मॅट बसवताना जरूर उभं राहून बघा. पांढरी, कापसासारखी दिसणारी मॅट रेझिन (तिला घट्ट करणारी द्रव राळ) पिऊ लागली की हळूहळू पारदर्शक होते, आणि जिथे पांढरा डाग राहिला तिथे आत हवा आहे. मिस्त्री लोखंडी रोलर त्या डागावर फिरवत राहायचे, बुडबुडा कडेपर्यंत ढकलून बाहेर काढेपर्यंत. पोरं घाई करायला लागली की ओरडायचे.

तळाचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. होडी उलटी केल्यावर तळावर बारीक फोड दिसले. फोडल्यावर आतून चिकट पाणी आलं, त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास होता. गोड्या पाण्यात फायबरला त्रास होत नाही असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात उलट आहे. जेलकोटमधून, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी आत झिरपतं, आतले विरघळणारे घटक त्यात उतरतात आणि तो दाट द्रव आणखी पाणी ओढून घेतो. समुद्राच्या पाण्यात मुळातच मीठ असल्यामुळे ही ओढ कमी असते, धरणाच्या पाण्यात जास्त. होडी बारमाही पाण्यात बांधलेली असेल तर हे प्रकरण लवकर सुरू होतं. मिस्त्रींनी फोडांची जागा घासून काढली, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, वाळू दिली, मग पाण्यात जास्त टिकणाऱ्या विनाइल एस्टर रेझिनमध्ये मॅट आणि वर आयसोप्थॅलिक जेलकोट दिला. टाक्यांसाठी वापरतात ते साधं रेझिन स्वस्त पडलं असतं. ते इथे चालणार नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं. शेवटच्या थरात मेण मिसळलं होतं, नाहीतर हवा लागलेला पृष्ठभाग चिकटच राहतो.

वाळवण्यामुळेच उशीर झाला. पावसाळी हवेत त्यांनी रेझिनला हात लावायला नकार दिला आणि दिवाळीच्या आधी मिळायची होडी पक्षी आल्यावर मिळाली. दादाचं सुरुवातीचं गिऱ्हाईक गेलं. तरी मी त्यांच्या बाजूने आहे, कारण दमट हवेत केलेलं लॅमिनेशन (मॅट-रेझिनचे थर) आतून कमजोर राहतं. तक्रार एवढीच की तारीख देतानाच पावसाचा हिशोब सांगायला हवा होता.

बाकी कामं थोडक्यात: फळीखालचा भिजलेला फोम काढून पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम बसवला, पाणी वाहून जायला मोकळी वाट ठेवली, तपासणीसाठी झाकणं दिली. फळीची उंची दादाच्या 20 इंची शाफ्टच्या इंजिनाला जुळवून घेतली. आधी ती 15 इंचीला कापलेली होती. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे का विचारलं तर म्हणाले, "समुद्रात नेणार असाल तर घ्या, धरणात 304 पुरतं." ते बोहरी आळीत मिळाले.

आता वायरिंग. पाणी उपसायचा पंप आणि दिवा जोडताना त्यांनी घरातली साधी वायर वापरली, जोड पिळून वर टेप गुंडाळली, बॅटरीजवळ फ्यूज नाही. होडीत हे धोक्याचं आहे. मी ते सगळं काढायला लावलं आणि बुधवार पेठेतून कलई केलेल्या तांब्याची वायर आणि आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक नळ्या आणून दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं. वायरिंगचे पैसे त्यांनी बिलातून वजा केले, कुरकूर न करता.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. हार्डनर आणि कोबाल्ट ही रेझिन कडक करायची दोन रसायनं ते शेडच्या दोन टोकांना ठेवतात. ती थेट एकमेकांत मिसळली तर स्फोट होऊ शकतो, आणि ही शिस्त तिथे पक्की आहे. पण ग्राइंडर चालवणारी पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून काचेच्या धुळीत उभी असतात. मी मास्कचा खोका नेऊन दिला, मालकांशी बोलले. पुढच्या वेळी पोरांनी मास्क लावलेले होते. तुम्हीही गेलात तर विचारा, गिऱ्हाईकाने विचारलं की फरक पडतो.

खर्च नव्या होडीच्या साधारण निम्मा आला, भिगवणहून टेम्पोचं जाणं-येणं धरून. लेखी अंदाजपत्रक मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागून घ्या, आणि त्यात रेझिनचा प्रकार लिहून घ्या. सध्या दादा पूर्ण जोरात इंजिन चालवतो आणि फळी तसूभर हलत नाही. काठाची रबरी पट्टी डाव्या बाजूला सुटू लागली आहे. मिस्त्रींनी कुंभारगावला येऊन लावून देतो म्हणून सांगितलंय, आले की इथे लिहीन.