कुनुनुरा: बोटीत बसाच, पण कालवा चुकवू नका

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या गावाला आम्ही मुलाकडून, म्हणजे डार्विनहून गाडीने गेलो. साधारण 830 किलोमीटर. कॅथरीन सोडलं की मोठं गाव लागत नाही, म्हणून पाणी आणि डिझेल भरूनच निघा. राज्याच्या हद्दीवर नाका आहे. ताजी फळं, भाजी, मध काहीच आत नेऊ देत नाहीत. आमची संत्री तिथंच काढून घेतली. बागाईतदार म्हणून मला हे फार पटलं. रोग-कीड आत येऊच द्यायची नाही, तर असंच वागायला हवं.

गावात सगळे जातात ती ऑर्ड नदीची सहल: बसने धरणापर्यंत, परत 55 किलोमीटर बोटीने. धरण 1972 चं. भिंत जेमतेम 335 मीटर लांब, आणि मागे लेक अर्गाइलमध्ये जायकवाडीच्या साडेतीन पटींहून जास्त पाणी. वर पाणी सोडायचं की अडवायचं यावर दरवर्षी भांडणारे आपण नाशिककर. ते बघून मी बराच वेळ बोललोच नाही. बोटवाल्याने मगरी, पक्षी झकास दाखवले. पण हे पाणी शेतात कसं पोचतं, त्याचं अवाक्षर नाही. सहलीतली खरी उणीव हीच.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्हीच कालव्याकडे गेलो. गावाजवळचा 1963 चा बंधारा नदीची पातळी उंच धरून ठेवतो, त्यामुळे मुख्य कालव्यात पाणी उताराने आपोआप जातं. पुढे चारीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या काठावर वाकड्या नळ्या टाकलेल्या, सरीत एकेक; पाणी त्यांतूनच सरीत उतरतं. मोटार नाही, लाइटची वाट बघणं नाही. जमीन काळी, भेगाळणारी, अगदी आपल्या गोदाकाठची. इथला कापूस 1974 च्या सुमारास अळीने बुडवला होता. आता तो पुन्हा दिसतो. आंबा, खरबूज आहे, आणि आपलं चंदनही. चंदनाशेजारी यजमान झाडं लावलेली, कारण ते त्यांच्या मुळांतून अन्न ओढतं. चंदन लावायचं मनात असेल तर ही लागवड नीट बघा.

गुलाबी हिऱ्यांची अर्गाइल खाण 2020 मध्ये बंद झाली. दुकानांत हिरे अजून दिसतात, भाव विचारून आम्ही पुढे निघालो.

राहणं-खाणं महाग. मे ते ऑगस्टमध्येच जा. पावसाळा नोव्हेंबरपासून, तेव्हा रस्ते पाण्याखाली जातात. पाणीवापर संस्थेत काम करणाऱ्यांनी तर एक सबंध दिवस कालव्यासाठी राखून ठेवा.