अकाई एस-९५०: सिंथचा एक सूर धरून ठेवायचा असेल तर हाच घ्या

दोन वर्षं झाली माझ्याकडे अकाईचा एस-९५० सॅम्पलर (आवाज रेकॉर्ड करून तो वेगवेगळ्या सुरांत वाजवणारं मशीन) आहे आणि आठवड्यातले तीन-चार दिवस तरी तो चालू असतोच, त्यामुळे आता याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकतो, लांबलचक रेकॉर्डिंग कापायला किंवा अख्खं गाणं जुळवायला हा घेऊ नका, त्या कामाला लॅपटॉपच बरा. पण सिंथचा (सिंथेसायझरचा) एक सूर उचलायचा, त्याला असा लूप (तोच तुकडा परत परत वाजत राहणं) लावायचा की कीवरचं बोट उचलेपर्यंत तो कुठेच तुटता कामा नये, आणि मग तोच सूर वर-खाली वाजवून त्याचं एक वेगळंच वाद्य झालेलं ऐकायचं, ही ज्याला आवड आहे त्याच्यासाठी याच्याइतकं गोड मशीन मी तरी दुसरं वापरलेलं नाही.

मी राहतो इंग्लंडमध्ये, रेडिंगला. इथल्या स्टुडिओंमध्ये ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला हे भरपूर विकले गेले, म्हणून सेकंडहँडमध्ये अजून दिसतात. माझा आला तेव्हा विकणारा म्हणाला होता सगळं चालू आहे, घरी आणून बघतो तर फ्लॉपी ड्राइव्ह एकही डिस्क वाचेना आणि डिस्प्लेचा उजेड इतका मंद की टॉर्च लावून वाचावं लागत होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आवाजाचा भाग ठणठणीत होता, म्हणून परत केला नाही. ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवला (फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह लावतात तो डबा), डिस्प्लेची बॅकलाइट बदलून घेतली आणि तेव्हापासून त्याने एकदाही दगा दिलेला नाही.

मशीन १९८८ चं आहे. त्याच्या आधीचा एस-९०० हा १९८६ चा. अकाईच्या या सॅम्पलर्समागे डेव्हिड कॉकरेल हा इंग्लिश इंजिनिअर होता, ज्याने त्याआधी लंडनच्या ईएमएस कंपनीसाठी व्हीसीएस-३ सिंथ डिझाइन केला होता. सिंथवाल्या माणसाने केलेला सॅम्पलर आहे हे वापरताना मला सारखं जाणवतं. १२ बिट, मोनो, ८ व्हॉइस (म्हणजे एका वेळी आठ सूर), मेमरी ७५० केबी, जास्तीचे बोर्ड घातले की २.२५ एमबी. आजच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षाही कमी जागा होते ही. आणि मोठी गंमत म्हणजे सूर वर-खाली करताना हा गणित करून मधले सॅम्पल (आवाजाच्या मोजणीचे आकडे) भरत बसत नाही, प्रत्येक व्हॉइसचा क्लॉकच कमी-जास्त करतो, म्हणजे टेपचा वेग बदलावा तसं. नंतरच्या १६ बिट एस-१००० मध्ये ते काम डिजिटल हिशोबाने होतं, तोही उत्तम सॅम्पलर आहे, आवाज जास्त स्वच्छ आहे, पण दोन सप्तकं खाली वाजवला की जो खरखरीत, जाडसर पोत एस-९५० मध्ये येतो तो मला तिथे मिळत नाही.

आता लूपकडे येतो, कारण मी हे लिहितोय तेच त्याच्यासाठी.

यावर सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती सॅम्पल घ्यायचे) थेट देत नाहीत, ऑडिओ बँडविड्थ (किती वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंतचा आवाज हवा) देतात, आणि मशीन त्याच्या अडीचपट रेट घेतं. म्हणजे बँडविड्थ १७,६०० टाकली की रेट झाला ४४,०००. हा आकडा मी मुद्दाम घेतो, कारण सिंथ ४४० ला (सेकंदाला ४४० लहरी) ट्यून असेल तर मधल्या ए या सुराची एक लहर बरोब्बर १०० सॅम्पलची होते आणि त्याच्या खालच्या ए ची, म्हणजे २२० ची, २००. लूपची लांबी लहरीच्या पूर्ण पटीत असली की जोड आपोआप बसतो, नाहीतर दर फेरीला टक्, टक् ऐकू येतं किंवा सूरच किंचित सरकतो. रेट ४८,००० ठेवला तर ४४० च्या सुराची लहर १०९ आणि वर थोडी अशी होते, मग एक लहर धरून लूप जमत नाही आणि माणूस उगाच तासभर आकडे फिरवत बसतो. मी पहिले दोन महिने हेच केलं.

पण एकाच लहरीचा लूप म्हणजे ऑर्गनसारखा सपाट आवाज, त्यात जीव नाही. जीव येतो सिंथमधले दोन ऑसिलेटर (लहर तयार करणारे भाग) किंचित वेगळे लावले की. माझ्याकडे रोलंडचा जेएक्स-३पी आहे, १९८३ चा, त्यात प्रत्येक व्हॉइसला दोन डीसीओ (डिजिटल कंट्रोलचे ऑसिलेटर) आहेत, डिजिटल कंट्रोलमुळे सूर भरकटत नाही. एक २२० वर ठेवतो, दुसरा हळूच सरकवतो आणि त्या दोघांच्या घासण्यातून जी आंदोलनं ऐकू येतात ती घड्याळ समोर ठेवून मोजतो. एक आंदोलन बरोबर दोन सेकंदांत पुरं झालं की समजायचं दुसरा २२०.५ वर आहे. आता लूप घ्यायचा दोन सेकंदांचा, ८८,००० सॅम्पलचा, त्यात पहिल्याच्या ४४० लहरी पुऱ्या बसतात आणि दुसऱ्याच्या ४४१, दोघं निघाले होते तिथेच परत येऊन भेटतात. तालात समेवर येतात तसंच आहे हे, वेगवेगळ्या चालीने गेले तरी सम एकच. प्रत्यक्षात काही सॅम्पल इकडे-तिकडे करावे लागतात, एंड पॉइंट ठरवायचा, मग लांबीचा आकडा एकेकाने बदलत कान देऊन ऐकायचं. स्क्रीनवर लहरीचं चित्र वगैरे काही नाही, दोन ओळींचा डिस्प्ले आणि आकडे, बस्स. ज्या क्षणी जोड नाहीसा होतो ना, तेव्हा सूर एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो, खोलीत पसरतो, आणि मी दर वेळी हेडफोन काढून स्पीकरवर लावून खात्री करतो.

अजून एक, रेकॉर्ड करताना सिंथवरचं एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार) सपाट ठेवा, सस्टेन (की दाबलेली असताना टिकणारा आवाज) पूर्ण, फिल्टर स्थिर, एलएफओ (आवाज हळूहळू हलवणारा भाग) बंद. फिल्टर हळूहळू मिटत असताना घेतलेला सूर लूपमध्ये कधीच बसत नाही, शेवटाला आवाज गडद असतो आणि सुरुवातीला उजळ, उडी कळतेच. हालचाल नंतर एस-९५० च्या स्वतःच्या फिल्टरने द्यायची. तो अ‍ॅनालॉग लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) आहे, चांगलाच तीव्र उताराचा, रेझोनन्स (कापतो तिथलाच आवाज उठवणं) नाही, त्यामुळे किंचाळत नाही, नुसता पडदा ओढल्यासारखा आवाज मऊ करतो, आणि खालच्या सुरांवर जो डिजिटल कचरा वर तरंगतो तोही तोच गाळतो.

क्रॉसफेड लूप (जोडाच्या दोन बाजू एकमेकींत मिसळणारा) आहे, पण जपून. एकदा मी आळस करून पॅडला (लांब, मऊ सुराला) क्रॉसफेड मारला आणि खूश होऊन स्पीकरवर लावला, बायको शेजारच्या खोलीत रियाज करत होती, ती तिथूनच म्हणाली, "अरे, तो दर थोड्या वेळाने श्वास का घेतोय?" खरंच घेत होता. जोडाच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट्या फेजमध्ये होत्या (एक लहर वर तेव्हा दुसरी खाली), त्या मिसळल्या तिथे आवाज खाली बसत होता. मला टक् ऐकायची सवय लागली होती, टक् नाही म्हटल्यावर मी समाधानी झालो होतो, गाणाऱ्या माणसाचा कान मात्र सुराच्या दमावर असतो. तेव्हापासून आधी साधा लूप नीट जमवतो आणि मगच गरज पडली तर थोडासा क्रॉसफेड. पुढे-मागे जाणारा ऑल्टरनेटिंग लूपही आहे, त्यात टोकं लहरीच्या शिखरावर ठेवलीत तर वळण गुळगुळीत येतं, शून्यावर ठेवलीत तर तिथे कोपरा होतो. साध्या लूपसाठी याच्या उलट, मी शून्यावरच जोडतो.

बायकोसाठी तंबोराही लूप करून पाहिला. नाही जमला. चार तारांचं एक आवर्तन धरलं तरी खऱ्या तंबोऱ्यात कुठलीही छेड आधीच्या छेडीसारखी नसते, आणि जवारीतून जे उमटतं ते तर क्षणाक्षणाला बदलतं, लूपमध्ये दुसऱ्याच फेरीला ओळखू येतं. हा दोष मशीनचा नाही.

मेमरीचं म्हणाल तर या रेटला ७५० केबीत दहा-अकरा सेकंद मावतात, म्हणजे असे दोन-दोन सेकंदांचे पाचेक सूर. एकच सूर दूरवर ताणला की वर आंदोलनं जलद होतात आणि खाली संथ, एक सप्तक वर दोनाचा एक सेकंद होतो, एक सप्तक खाली चार. मला ते आवडतं, तीन सुरांची कॉर्ड धरली की तिन्ही आपापल्या वेगाने हलतात आणि सगळं मिळून पाणी हलल्यासारखं ऐकू येतं. पण आठच व्हॉइस आहेत, रिलीज (की सोडल्यावर सूर विरण्याचा वेळ) लांब ठेवला तर मागची कॉर्ड मध्येच तुटते, हे मात्र खटकतं.

टाइम-स्ट्रेचही (सूर न बदलता आवाज लांबवणं) आहे, लंडनच्या जंगल या नाचाच्या संगीतप्रकारवाल्यांनी तो आवाज घरोघरी पोचवला, मी क्वचित वापरतो. एन्सोनिकचा मिराज सॅम्पलर मित्राकडे वाजवलाय, ८ बिट, त्याचा आवाज छान मातकट आहे, पण दोन आकड्यांच्या डिस्प्लेवर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) लूप शोधायचा म्हणजे फार चिकाटी पाहिजे.

घेणार असाल तर जाऊन स्वतः वाजवून बघा, फोटोवर जाऊ नका. मागचे आठही वेगवेगळे आउटपुट एकेक करून ऐका, कारण एखादा व्हॉइस गेलेला असेल तर मिक्स आउटपुटवर पटकन कळत नाही, दर आठव्या सुराला फक्त काहीतरी चुकल्यासारखं होतं. मेमरीचे बोर्ड आधीच बसवलेले असतील तर थोडे जास्त पैसे द्या, नंतर वेगळे शोधणं त्रासाचं आहे. ड्राइव्ह बंद असेल तर घाबरू नका, भाव करा. आणि जाताना एखादा छोटा सिंथ सोबत न्या, तिथेच एक ए सॅम्पल करा, लूप लावा, की दाबून धरा आणि मिनिटभर काही न बोलता ऐका.