छोट्या ट्रेलरमधला ऐवज कुठे ठेवावा: तिजोरी, केबलची पेटी, चोरकप्पा की गाडी?

छोट्या कॅम्पिंग ट्रेलरची भिंत म्हणजे आतून काही मिलिमीटरचं प्लायवूड, मध्ये फोम आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा. खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या आणि त्यांच्या कड्या प्लास्टिकच्या असतात. बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांना साधं कॅम लॉक, म्हणजे चावीने मागची छोटी पट्टी फिरवणारं कुलूप असतं. त्यातल्या सीएच७५१ या नंबरच्या कुलपाची चावी इतक्या ट्रेलरना आणि कॅम्परना चालते, की ती सुटी विकत मिळते. त्यामुळे दाराच्या कुलपावर भिस्त ठेवून पासपोर्ट, कॅमेरा आणि रोकड आत सोडून जाणं धोक्याचं आहे. ही कॅम लॉक वेगळ्या चावीची बसवून घ्या. काम दहा मिनिटांचं आहे आणि पुढचा कोणताही पर्याय निवडलात तरी ते करायचंच आहे.

पर्याय तोलताना पेटीच्या पत्र्यापेक्षा ती कशाला बांधली आहे हे आधी बघा. जाड पोलादाची पेटी चार लाकडी स्क्रूंनी बाकड्याला लावली, तर चोर ती बाकड्याच्या फळीसकट उचलून नेतो आणि सावकाश दुसरीकडे उघडतो.

बोल्टने बसवलेली तिजोरी

ट्रेलरला पोलादी चासी (खालचा सांगाडा) आणि घट्ट प्लायवूडचा तळ असेल, आणि तुम्ही लांबच्या सहलींवर लॅपटॉप-कॅमेरा घेऊन जात असाल, तर ट्रेलरच्या आत याहून मजबूत पर्याय नाही. मात्र ती नीट बसवायला हवी.

बहुतेक लहान तिजोऱ्यांच्या तळाला दोन ते चार भोकं असतात. त्यांत बसणारे ८ किंवा १० मिलिमीटरचे बोल्ट तळातून आरपार न्यायचे. खाली नुसता वॉशर लावू नका. पहारीने तिजोरी उचकटली की वॉशर प्लायवूड फाडून वर येतो. त्याऐवजी ४-५ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घ्या. ती चासीच्या दोन आडव्या पट्ट्यांच्या खालून, दोन्हींना टेकेल इतकी लांब हवी. म्हणजे ओढ लाकडावर न येता चासीवर येते. चासीच्या मुख्य दांड्यांना भोक पाडू नका, त्याने दांडा कमजोर होतो.

बोल्टची दिशा बरेच जण चुकवतात. डोकं तिजोरीत आणि नट ट्रेलरखाली ठेवला, तर चोर खाली आडवा पडून साध्या पान्याने नट काढतो. गोल डोक्याचा, चौकोनी मानेचा कॅरेज बोल्ट खालून वर घाला आणि नट तिजोरीच्या आत आवळा. खालच्या पट्टीला चौकोनी भोक पाडून घेतलं, की बोल्ट फिरतही नाही आणि खालून पाना लावायला जागाही उरत नाही. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) घ्या, कारण ट्रेलरच्या थरथरीत साधे नट सैल होतात. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ते एकदा तपासा, पुढे दर मोसमात.

ड्रिल हातात घेण्याआधी ट्रेलरखाली जाऊन गॅसची नळी, पाण्याची टाकी, वायरिंग आणि ब्रेकची तार कुठून जाते ते बघा. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, खालून खात्री करा, मगच ते मोठं करा. भोकाच्या उघड्या लाकडाला रंग किंवा एपॉक्सी लावून पॉलियुरेथेन सीलंट भरा. हे टाळलं तर चाकांनी उडवलेलं पाणी प्लायमध्ये मुरतं आणि काही वर्षांत नेमका तिजोरीखालचाच तळ कुजतो.

जागा ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) जवळ आणि खाली हवी. दहा-बारा किलोची तिजोरी मागच्या टोकाला बसवली, तर हिचवरचं, म्हणजे गाडीच्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या जोडावरचं, वजन घटतं आणि वेगात ट्रेलर डुलायला लागतो. आधी आणि नंतर हिचखाली वजनकाटा ठेवून मोजा. आकडा ट्रेलरच्या आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत हवा.

कुलपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. स्वस्त कीपॅडच्या तिजोरीत सोलेनॉइडची (विजेच्या चुंबकाने ओढली जाणारी) छोटी खीळ असते. काही तिजोऱ्यांत वरून ठोसा मारत मूठ फिरवली की ती खीळ क्षणभर उडते आणि दार उघडतं; काहींत ताकदवान चुंबकानेही हेच होतं. खीळ मोटरने फिरणारी असेल किंवा चांगलं चावीचं कुलूप असेल, तर ही भीती नाही. कीपॅडला बहुधा चार एए सेल लागतात. ट्रेलर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर ते काढून ठेवा, नाहीतर गळतात. आणीबाणीची चावी ट्रेलरमध्ये कधीही ठेवू नका.

‘फायरप्रूफ’ लिहिलेली छोटी पेटी म्हणजे चोरीपासूनची तिजोरी नव्हे. तिच्या भिंतींत आगीत वाफ सोडणारा भराव असतो. कवच पातळ असतं, बिजागरी उचकटता येते आणि तळाला भोक पाडलं की आगीची हमीही जाते. भरावातला ओलावा आत उतरत असल्याने बंद पेटीत कागदांना बुरशी लागते. अशीच पेटी असेल तर कागद झिपच्या पिशवीत ठेवा आणि सिलिका जेल नियमित बदला.

केबलची पेटी

ही म्हणजे पोलादी केबलने पक्क्या वस्तूला बांधून ठेवायची छोटी कुलूपबंद पेटी. हिला भोक पाडावं लागत नाही आणि ती ट्रेलरमधून गाडीत, गाडीतून खोलीत नेता येते. भाड्याच्या ट्रेलरमध्ये तर हाच एक मार्ग उरतो. पण तिची मर्यादा स्पष्ट आहे. ४-५ मिलिमीटरची पोलादी केबल हातात मावणाऱ्या केबल कटरने काही सेकंदांत तुटते. रिकाम्या हाताने दार ढकलून आत आलेला चोर थांबतो, अवजारं घेऊन आलेला थांबत नाही.

केबल पलंगाच्या लाकडी पायाला गुंडाळणं निरर्थक आहे, कारण दोन स्क्रू काढले की पाय सुटतो. चासीला बोल्ट केलेली पोलादी कडी असेल तर तिच्यातून किंवा गाडीच्या सीटखालच्या लोखंडी चौकटीतून केबल घ्या. ढील कमीत कमी ठेवा. ढील असली की पेटी बाहेर ओढून झाकणाच्या कोपऱ्यात हत्यार घालायला जागा मिळते. प्लास्टिकच्या पेट्यांचा कोपरा असाच उचकटतो, म्हणून पोलादी आणि झाकण आत बसणारी पेटी घ्या.

तिजोरी आणि केबलच्या पेटीत निवड अडली असेल, तर मुक्कामावर ओढणारी गाडी तुमच्या सोबत फिरते का हे बघा. फिरत असेल तर केबलची पेटी गाडीत ठेवा आणि ट्रेलरच्या तळाला भोकं पाडूच नका.

गाडी

गाडीचं पोलादी अंग, कारखान्यातून आलेली सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) ट्रेलरपेक्षा कितीतरी सरस आहेत. डिकीपर्यंत मात्र काच फोडून आत शिरलेल्याला, सीट पाडून, पोचता येतं. म्हणून डिकीतही पेटी केबलने बांधलेलीच हवी. सामान डिकीत हलवायचं ते मुक्कामाला पोचण्याआधी. गाडी उभी करून सगळ्यांदेखत कॅमेऱ्याची बॅग डिकीत ठेवली, तर तुमच्यावर नजर असलेल्याला काय कुठे आहे ते कळतं. डोंगरवाटेच्या पायथ्याशी दिवसभर गाडी उभी राहणार असेल, तर पासपोर्ट आणि रोकड अंगावर, कपड्यांच्या आतल्या पाकिटात न्या.

उन्हाचं विसरू नका. बंद गाडी आणि बंद ट्रेलर दोन्ही तापतात. आयफोनसाठी साठवणुकीची कमाल मर्यादा ४५ अंश सेल्सिअस आहे, आणि उन्हातली गाडी ती सहज ओलांडते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या उन्हात बंद पेटीत ठेवू नयेत.

चोरकप्पा

हा शेवटी घेतला आहे, पण राखीव रोकड आणि जादा चाव्यांसाठी हाच सर्वांत चांगला. खालच्या ड्रॉवरमागची पोकळी, पाण्याच्या पंपाच्या कप्प्यातली खोटी पाठ, बाकड्याखालची दुहेरी फळी या जागा चालतात. फळी चुंबकी क्लिपपेक्षा चार स्क्रूंनी लावा. हीटर आणि पाण्याच्या जोडांपासून ती दूर हवी. गादीखाली, फ्रिजमध्ये आणि चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये चोर आधी बघतो. रोज लागणारी वस्तू मात्र चोरकप्प्यात ठेवू नका. दोन दिवस चार स्क्रू काढले-लावले की तिसऱ्या दिवसापासून ती वस्तू टेबलावरच राहते.

घडीच्या तंबू-ट्रेलरला भिंती कापडाच्या असतात. तिथे चोरकप्प्याचाही उपयोग थोडाच, ऐवज गाडीतच ठेवा.

हे सगळं करूनही अख्खा ट्रेलरच ओढून नेला तर तिजोरीही जाते. म्हणून तिजोरीवर खर्च करण्याआधी हिचचं कुलूप आणि चाकाचा क्लॅम्प घ्या. हिचचं कुलूप बॉल बसण्याची खोबणी पूर्ण झाकणारं हवं. एअरटॅगसारखा ट्रॅकर लावणार असाल तर तो लोखंडी पेटीच्या आत नको, पत्रा सिग्नल अडवतो. शिवाय अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतो आहे अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते, हे धरून चाला. सिमवर चालणारा जीपीएस ट्रॅकर ही अडचण टाळतो, पण त्याला १२ व्होल्टची जोडणी किंवा वेळोवेळी चार्जिंग लागतं.

विमा असेल तर पॉलिसीत ‘जबरदस्तीने आत शिरल्याची खूण’ अशी अट आहे का आणि रिकाम्या उभ्या वाहनातला ऐवज धरलाय का, हे वाचा. वस्तूंचे फोटो आणि सीरियल नंबर ट्रेलरबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

तिजोरीच घ्यायचं ठरलं, तर आधी त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका ठरवलेल्या जागी ठेवून एक सहल काढा. पलंग पसरल्यावर दार उघडतं का आणि रात्री अंधारात हात पोचतो का, हे तेव्हाच कळेल. पलंगाखाली बसवायची असेल, तर समोरून उघडणाऱ्या तिजोरीपेक्षा वरून उघडणारी सहसा बरी पडते.