संदर्भवालं पवित्र शास्त्र घ्यावं की साधं?

घरात अडचण असताना किंवा मोह समोर उभा असताना उघडायला म्हणून पवित्र शास्त्र (बायबल) घेणार असाल, तर खिशात मावणारा नुसता नवा करार (बायबलचा येशूपासूनचा दुसरा भाग) पुरत नाही. संदर्भ, म्हणजे एखादं वचन शास्त्रात आणखी कुठे आलंय त्याचे आकडे, छापलेली पूर्ण प्रत घ्या. जड असते, महागही पडते, तरी घ्या.

दुकानातच पारख करायची तर मत्तय पुस्तकाचा अध्याय 4 उघडा. अरण्यात येशू सैतानाला तीनदा उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत: 8:3 (अध्याय 8, वचन 3), 6:16, 6:13. हे आकडे पानावर दिसले तर प्रत कामाची. सैतानही शास्त्रच पुढे करतो, स्तोत्र 91:11-12. तिथे जाऊन ताडून पाहा. ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हा भाग मत्तयात त्याने गाळलाय, आणि सापाला तुडवण्याचं 13वं वचन यायच्या आत तो थांबलाय. हेच स्तोत्र आपल्याकडे दारावर, गाडीच्या काचेवर ताइतासारखं चिकटवतात!

काही प्रतींत शेवटी ‘भीती वाटते तेव्हा वाचा’ छापाचं कोष्टक असतं. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. ते 1 करिंथ 10:13 सुटं काढून देतं: परीक्षेतून निभावायचा मार्ग देव देतो. पण 12व्या वचनात ‘मी उभा आहे’ असं वाटणाऱ्याला पडशील म्हणून इशारा आहे आणि 14व्यात मूर्तिपूजेपासून पळायला सांगितलंय. मधलंच वाचलं की पत्त्याच्या डावावर बसून ‘देव सोडवील’ म्हणायची सोय होते.

ओझ्याबद्दलही तेच. गलती 6:2 एकमेकांची ओझी वाहायला सांगतं, 6:5 प्रत्येकाला आपापला भार. कर्जाचा हप्ता तटला की मंडळीत (चर्चमध्ये) मदत मागताना दोन्ही वचनं सोबत वाचावीत. देवाच्या शस्त्रसामग्रीचा उतारा, इफिस 6:10-18, सुद्धा तुकड्यांत नको, कौटुंबिक उपासनेत सलग वाचा. कंबरपट्टा, उरस्त्राण, पादत्राणं, ढाल, शिरस्त्राण, तरवार एवढं झालं की बरेच जण थांबतात. 18व्या वचनातली सर्व पवित्र जनांसाठीची प्रार्थना मग राहूनच जाते.

आता बांधणी. प्रत मधोमध उघडा, घडीत दोरा दिसला तर शिवलेली. नुसती डिंकाची असेल तर सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, पानं सुटतात. चेनच्या कव्हरची चेन आधी चार-पाच वेळा ओढून बघा. कागद पातळ असल्याने जेल पेन मागच्या पानावर उमटतो. खुणा पेन्सिलीने करा. आणि शेंगाचटणीचा हात पानाला लागू देऊ नका, तेलाचा डाग एकदम चार पानं खातो. आजी-आजोबांसाठी घेताना मोठ्या अक्षराची प्रत मागा, पण तिच्यात संदर्भ आहेत का हे त्याच मत्तय 4 वर तपासा.