जुनं डिझेल, सकाळची खडखड आणि नवी टायमिंग चेन: काही महिन्यांनंतरचा अनुभव

नव्या टायमिंग चेनवर गाडी चालवून आता काही महिने झालेत, सोलापूरचा अख्खा उन्हाळा त्यातच गेला. टायमिंग चेन म्हणजे इंजिनातली साखळी: पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावरून (क्रँक) ती वाल्व उघडणारा दांडा (कॅम) वेळेवर फिरवते. परवा ऑइल बदललं, जुन्या फिल्टरचा कागद उलगडून उजेडात पाहिला. प्लास्टिकचा कपचा नाही, धातूची चमक नाही. म्हणून आता लिहितोय, आधी लिहिलं असतं तर घाई झाली असती.

गाडी २०१२ ची, १२४८ सीसीचं डिझेल. कंपनीचं नाव देत नाही. हे इंजिन आपल्याकडं वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉनेटखाली होतं, त्यामुळं बॅजवरून काही ठरत नाही, आणि मला बोलायचंय ते वय झालेल्या इंजिनाबद्दल. अ‍ॅव्हरेज, टर्बोचा लॅग, अडीच हजारांनंतरचा पिकअप हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. माझा सगळा भर सकाळच्या पहिल्या तीन सेकंदांवर आहे.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट व्हायचा. दोन-तीन सेकंद, मग शांत. दिवसभर काही नाही. दिवाळीच्या आधी हे सुरू झालं. तेव्हा ऑइल बदलायची वेळ आलीच होती, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि ओरिजिनल फिल्टर घातला, आवाज जवळजवळ गेला. मी खूश होतो. चेनवाल्या इंजिनाला बेल्टसारखी बदलायची कटकट नसते, चेन इंजिनाबरोबरच म्हातारी होते, असं मी तोवर सगळ्यांना सांगत होतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आवाज परत आला आणि या वेळी तीन सेकंदांत थांबेना. माझं मत तिथून बदललं, आणि आज ते पूर्ण उलटं आहे: चेन हा बदलायचा पार्ट आहे, फक्त त्याची तारीख पुस्तकात छापलेली नसते.

चेन "ताणली" म्हणतात, पण तिच्या पट्ट्या रबरासारख्या लांब होत नाहीत. प्रत्येक कडीत पिन आणि बुश असतो, तो झिजतो. एका कडीची झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते, पण कड्या शंभरच्या वर असल्या की त्याचे काही मिलिमीटर होतात. ती सैल चेन ओढून धरायचं काम टेन्शनर करतो, आणि त्याचा दट्ट्या ऑइलच्या दाबावर पुढं सरकतो. रात्री ऑइल खाली उतरतं, सकाळी पंपाने दाब तयार करेपर्यंत दट्ट्याला जोर नसतो, तेवढा वेळ चेन गाईडवर (तिला वाटेत धरणाऱ्या पट्टीवर) आपटते. म्हणजे जरा आवाज येणं स्वाभाविक आहे. तो किती वेळ टिकतो, यावर सगळं ठरतं.

डिझेलमध्ये ही झीज लवकर का होते, तर काजळीमुळं. ईजीआर नावाची झडप धूर परत इंजिनात फिरवते, काजळी ऑइलमध्ये उतरते, आणि ते काळं ऑइल पिन-बुशमध्ये पॉलिश पेपरचं काम करतं. २०१० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज-४ हे गाडीच्या धुरावरचं बंधन ज्या मोजक्या शहरांत आधी लागू झालं त्यात सोलापूर होतं, त्यामुळं आपल्याकडच्या त्या काळातल्या बहुतेक डिझेल गाड्या ईजीआरवाल्याच. त्यात माझा रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी. इंजिन नीट तापेपर्यंत कारखान्याचं गेट येतं. असल्या छोट्या फेऱ्यांत ऑइल लांबच्या प्रवासापेक्षा लवकर खराब होतं. कधीतरी उमरग्याला किंवा पंढरपूरला गेलो तरच गाडीला मोकळा रस्ता मिळतो. किलोमीटरचा आकडा कमी दिसतो म्हणून गाडी तरुण समजू नका, एवढंच.

आता वर्कशॉपचं सांगतो, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. घरातून निघून पोचेपर्यंत इंजिन गरम. अ‍ॅडव्हायझरने बॉनेट उघडलं, दोन वेळा रेस केलं आणि जॉब कार्डवर लिहिलं, आवाज आढळला नाही. मी म्हणालो, आवाज फक्त सकाळी थंड इंजिनाला येतो, गाडी रात्री इथं ठेवून घ्या. तर म्हणे, "सर, जुन्या डिझेलला एवढा आवाज असतोच." तपासणीचे पैसे मात्र घेतले. आवाज वाढल्यावर परत गेलो, तर त्याच माणसाने टॅपेट आणि इंजेक्टरचं नाव काढून हेड (इंजिनाचा वाल्व असलेला वरचा भाग) उतरवायचं एस्टिमेट हातात दिलं, साठ हजारांच्या पुढं. मी विचारलं, "ऑइलचं प्रेशर मोजलं का? स्कॅनर लावला का? कशावरून टॅपेट?" उत्तर आलं, "अनुभवावरून." ज्या माणसाने आवाज ऐकलेलाच नाही, तो अनुभवावरून हेड उघडायला निघालेला. हे मला सहन होत नाही. पैसा माझा आहे, आणि काय मोजलं ते कागदावर मागायचा मला हक्क आहे. मी एस्टिमेटवर सही केली नाही, चावी घेतली आणि निघालो.

हैदराबाद रोडला एक जुने मेस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "साहेब, गाडी आज रात्री इथंच ऱ्हाऊ द्या. सकाळी मी आल्याशिवाय कुणी चावी फिरवायची नाही." या एका वाक्यासाठी मी त्यांना मानतो. ज्या वेळी दुखणं दिसतं त्याच वेळी तपासायचं, एवढी साधी गोष्ट मोठ्या वर्कशॉपला जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मोबाइल डॅशबोर्डवर रोखून व्हिडिओ घ्यायला लावला, त्यात ऑइलचा लाल दिवा दिसला पाहिजे आणि आवाजही आला पाहिजे. तपासणीतली ही सगळ्यात उपयोगाची आणि फुकटची युक्ती. दिवा विझला आणि त्याबरोबर आवाज थांबला, तर ऑइल रात्री खाली उतरतंय: टेन्शनरची झडप किंवा फिल्टर आधी बघायचा. दिवा विझल्यावरही खडखड चालू राहिली, तर दाब येऊनही टेन्शनर चेनला पुरत नाही, म्हणजे चेन किंवा गाईड गेलेत. माझ्या गाडीत दिवा केव्हाच विझला होता आणि आवाज चालूच होता.

तरी त्यांनी लगेच पाना उचलला नाही. आधी लांब पेचकस आणि मग स्टेथोस्कोप लावून जागा शोधली. हेडच्या मधल्या भागात बारीक टकटक, ती इंजेक्टरची, डिझेलमध्ये असतेच. गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला, टायमिंग कव्हरवर, खडखड स्पष्ट. मग बाहेरचा बेल्ट काढून गाडी क्षणभर चालवली, म्हणजे अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पुल्यांची बेअरिंग यादीतून बाद. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर, म्हणून लगेच बंद केली. क्लच दाबून आवाज बदलतो का पाहिलं, नाही बदलला, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लचच्या बेअरिंगकडं जायचं कारण नाही. स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद केला, आवाज तसाच. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ठोकत असतं तर त्या सिलिंडरची ताकद काढल्यावर ठोका मऊ झाला असता. आणि स्कॅनरमध्ये साठवलेला कोड निघाला, पी००१६. क्रँक आणि कॅम यांची जागा एकमेकांशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. इंजिनाचा दिवा डॅशबोर्डवर पेटलेला नव्हता, तरी कोड आत पडून होता. वर्कशॉपने स्कॅनर लावला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. ऑइलचं प्रेशर गेज लावून मोजलं, गरम इंजिनाला आयडलवर ठीक होतं, त्यामुळं पंपावरचा संशयही गेला.

गाडी चालवताना मला काहीच जाणवलं नव्हतं, त्याचंही कारण चाचांनी सांगितलं. कॉमन रेल डिझेलात इंधन केव्हा मारायचं ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुख्यतः क्रँकच्या सेन्सरवरून ठरवतो. चेन सैल झाली की वाल्व उशिरा उघडतात, पण इंजेक्शन वेळेवरच होतं. त्यामुळं गाडी बऱ्यापैकी पळत राहते आणि मालक गाफील. मग एक दिवस चेन दात सोडते, वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि हेडचं काम खरोखरच निघतं. खडखड वाढत असताना "चालतंय तोवर चालवू" म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, नका चालवू. तुळजापूरच्या घाटात कुटुंबासकट अडकायची वेळ येऊ शकते.

उघडल्यावर जे दिसलं त्याने शंका राहिली नाही. टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला. प्लास्टिकच्या गाईडला चेनच्या दोन खोल चऱ्या, एका कडेचा तुकडा उडालेला. ऑइल पॅन खाली घेतला तेव्हा तो चुरा गाळणीत सापडला. ही गाळणी तुंबली असती तर पूर्ण इंजिनाला ऑइल कमी पडलं असतं. जुनी आणि नवी चेन चाचांनी एकाच खिळ्याला टांगली: कड्या तेवढ्याच, जुनी चारेक मिलिमीटर लांब. जुनी आडवी धरली की बाजूला वाकत होती, नवी ताठ.

किट घेताना मात्र काळजी घ्या. दुकानात पहिल्यांदा जे किट पुढं केलं त्यात नुसती चेन आणि टेन्शनर होते, किंमत आकर्षक. झिजलेल्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) नवी चेन घातली तर तेच दात तिला लवकर झिजवतात. मी दोन्ही स्प्रॉकेट, सगळे गाईड, टेन्शनर, क्रँकचं सील आणि नवा क्रँक बोल्ट असलेलंच घेतलं. पैसे वाचवायला मला आवडतं, पण कव्हर उघडल्यावर गाईड वाचवणं ही काटकसर नाही, लेबर दुसऱ्यांदा द्यायची तयारी आहे. किट, ऑइल, फिल्टर, सीलंट, लेबर मिळून वीस हजारांच्या घरात काम झालं.

मेस्त्री निवडताना एकच प्रश्न विचारा, क्रँक आणि कॅम लॉक करायचं टूल आहे का. व्हाइटनरने खुणा करून चेन बसवतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. चाचांकडं लॉकिंगच्या पिना होत्या. सगळं बसवल्यावर त्यांनी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पिना परत बसतात का पाहिलं, मग इंजेक्टर बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला, आणि त्यानंतरच गाडी चालू केली. नव्या चेनला कोरडी धाव नको म्हणून.

सकाळचा आवाज गेला. पूर्णपणे. पण आठवड्याभरात चढाला दीड हजार आरपीएमच्या आसपास एक झणझण ऐकू यायला लागली आणि माझी झोप उडाली. किट डुप्लिकेट निघालं असंच वाटलं. ती निघाली एक्झॉस्टच्या पत्र्याच्या कवचाची, एक बोल्ट गंजून सुटला होता. वॉशर आणि क्लॅम्प, चहाच्या पैशांत काम. हे सांगतोय कारण उलटही होऊ शकतं, पत्रा वाजतोय आणि कुणी तुमची चेन उघडायला निघेल. गाडी थंड असताना त्या पत्र्यावर हाताने ठोकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक, जाड ऑइलबद्दल. सोलापूरला उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, म्हणून २०डब्ल्यू-५० घाला, आवाज बसेल, असं सांगणारे भेटतातच. बसेलही. पण सकाळी तेच जाड ऑइल टेन्शनरच्या बारीक भोकापर्यंत उशिरा पोचतं, आणि नेमक्या त्याच सेकंदांत चेन झिजते. मी ५डब्ल्यू-३० वरच आहे, चाळीस-बेचाळीसच्या उन्हात एसी लावून हैदराबाद रोडने गेलोय, प्रेशरचा काही त्रास नाही. बदलीची मुदत मात्र पुस्तकातल्या दहा हजार किलोमीटरवरून साडेसात हजारांवर आणली. माझ्या छोट्या फेऱ्यांना दहा हजार जास्तच आहेत.

अ‍ॅव्हरेजमध्ये मोठा फरक पडला असं म्हणणार नाही. पिकअप खालच्या गिअरमध्ये थोडा मोकळा झालाय, स्टार्ट अर्ध्या सेल्फमध्ये होतो. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतील, आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. २०२२ च्या एप्रिलपासून कारचं ते शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालंय, वर पर्यावरण कर. तरी गाडी ठेवतोय. हे इंजिन २०२० मध्ये बीएस-सिक्स हे धुरावरचं पुढचं बंधन आल्यावर बंद झालं असलं तरी पार्ट सोलापुरात सहज मिळतात, आणि नव्या गाडीच्या हप्त्यापुढं हा सगळा खर्च काहीच नाही. टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात ऑइलचा किंचित ओलावा दिसतोय, थेंब पडत नाही. चाचांनी पुसून खडूची खूण केलीय, पुढच्या बदलीला तिथं ओल वाढलेली दिसली तर सीलंट पुन्हा लावून देणार आहेत, लेबर न घेता.