निवृत्त स्ट्रायकर: आधी पोरं की थेट सीनियर संघ?

भुसावळ-जळगावकडे फुटबॉलमध्ये गोल मारणारा खेळाडू बूट टांगतो, तेव्हा प्रशिक्षक म्हणून दोन वाटा दिसतात. थेट सीनियर संघ, नाहीतर १३ वर्षांखालची पोरं.

थेट वाटेचं उदाहरण इंग्लंडचा स्ट्रायकर ॲलन शिअरर. प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडची सर्वोच्च लीग) २६० गोल, पण एप्रिल २००९ मध्ये न्यूकॅसल क्लबची सूत्रं घेतली आणि ८ सामन्यांत एकच विजय. संघ खालच्या लीगमध्ये घसरला. अर्थात घसरण आधीच सुरू होती. सगळं त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

नॉर्वेच्या स्ट्रायकर सोल्शायरने मात्र २००८ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या राखीव संघाच्या प्रशिक्षकपदापासून सुरुवात केली. मग मोल्डे क्लबसोबत २०११ आणि २०१२ मध्ये नॉर्वेची लीग जिंकली. तरी २०१४ मध्ये कार्डिफ क्लब त्याच्याही हातून खालच्या लीगमध्ये गेलाच.

स्ट्रायकरची खरी अडचण वेगळी. बचावपटूच्या पाठीमागून कधी सुटायचं हे पायाला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. पोरांसमोर ते शब्दांत आणावंच लागतं: आधी खांद्यावरून बघ, एक पाऊल उलटं टाक, मग पळ. ४ विरुद्ध ४, छोटे गोल, ३ मिनिटांचे डाव. रांगेत उभं करून शूटिंग घेतलं की १४ पोरांपैकी १३ नुसती उभी राहतात.

खान्देशात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, म्हणून सराव सकाळी साडेसहाला. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर घोटे मुरगळतात. मैदान आधी पायी फिरून बघावं.

सोबत एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा सुरुवातीचा परवाना, घ्यावं. सीनियर संघ नंतरही मिळतो.